चैत्रातले बारा दिवस

तळोजा हे नाव उच्चारले की ऐकणाऱ्याच्या मनात फुले येत नाहीत. औद्योगिक वसाहत येते, मध्यवर्ती कारागृह येते, मालमोटारींच्या रांगा येतात. फार तर सिडकोच्या सोडतीत कोणाला तरी लागलेले घर येते. पनवेल तालुक्यातील या एका नावाने आता निरनिराळ्या वस्त्या ओळखल्या जातात. दिवा-पनवेल लोहमार्गावरील 'तळोजे पाचनंद' स्थानकाजवळचे जुने गाव निराळे, कासाडी नदीच्या अंगाने पसरलेली कारखान्यांची वसाहत निराळी, आणि अलीकडच्या काळात शेतजमिनींवर उभी राहिलेली उंच इमारतींची 'फेज एक' आणि 'फेज दोन' ही आणखी निराळी. माझा मुलगा पहिल्या फेजमध्ये सातव्या मजल्यावर राहतो. त्याच्या सज्जातून पूर्वेकडे मलंगगडाची रांग दिसते, आणि खाली रस्त्याच्या दुतर्फा लावलेली करंज, बहावा, ताम्हण अशी झाडे दिसतात. ती अजून पोरवयाची आहेत. पण फुलायला झाडाला फार मोठे व्हावे लागत नाही.

यंदा नातीची वार्षिक परीक्षा संपून नवी इयत्ता सुरू होण्याच्या आधीच्या सुट्टीत मी सासूबाईंना घेऊन तिथे गेले. चैत्र शुद्ध तृतीयेला पोहोचलो, महावीर जयंती सर्वांनी मिळून साजरी केली आणि चतुर्दशीला परतलो. सासूबाईंना घरात, गल्लीत आणि आता तळोज्याच्या त्या इमारतीतही सारेजण आक्का म्हणतात. वय अठ्ठ्याऐंशी. काचबिंदूने उजवा डोळा पूर्ण गेला आहे. डाव्याने समोरचे तेवढे, नळकांड्यातून पाहावे तसे, दिसते. हा आजार कडेची दृष्टी आधी खातो, आणि गेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. दिवसातून दोनदा थेंब घालून उरलेली राखायची, इतकेच हाती असते. त्यामुळे चारशे किलोमीटरांचा प्रवास करून त्यांना फुले दाखवायला नेले असे मी म्हणणार नाही. नेण्याचे कारण दुसरे होते, आणि ते आक्कांनाही ठाऊक होते.

आमचे गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही एकदम फुगल्या. सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, आणि आमच्या गावाला चहूबाजूंनी वेढा पडला. आक्कांना बोटीतून बाहेर काढले तेव्हा त्या ब्याऐंशीच्या होत्या. त्यांच्या पिशवीत चष्मा, जपमाळ आणि परसदाराची किल्ली एवढेच होते. किल्ली कशासाठी, असे बोटीतल्या एका तरुण जवानाने हसून विचारले, तर म्हणाल्या, "परत आल्यावर दार कशानं उघडू?" परत आलो तेव्हा दार चिखलाने इतके फुगले होते की ते किल्लीने उघडले नाही, पहारीने उघडावे लागले. घरात छातीभर पाणी येऊन गेले होते. परसात ते आठवड्याहून अधिक काळ उभे होते. कण्हेर तगली, जास्वंद तगली. मोगऱ्याचा ताटवा गेला. सोनचाफा मात्र पाणी ओसरल्यावर जागेवर हिरवा दिसत होता आणि आम्हाला वाटले की वाचला. पंधरवड्यात त्याची पाने गळाली, दिवाळीपर्यंत तो वाळला. चाफ्याच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही. आक्का सून म्हणून त्या घरात आल्या त्या वर्षी तो लावलेला होता. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले, तेव्हा आम्ही आधीच जयसिंगपूरला, उंचावर, नातेवाइकांकडे जाऊन राहिलो. तेव्हापासून दर मृगानंतर घरात एकच विषय असतो.

तो विषय मुलाने दुसऱ्याच दिवशी काढला. आवाज न चढवता, सगळा विचार करून ठेवलेल्या माणसासारखा तो बोलला. आक्कांनी आता कायमचे तळोज्याला राहावे. डोळ्यांचे डॉक्टर इथे जवळ, इमारतीला लिफ्ट, घरात पडण्याचा धोका कमी, आणि मुख्य म्हणजे पुराची भीती नाही. आई-बाबांनीही हळूहळू यावे. शेत खंडाने द्यावे. घराचे पुढे पाहता येईल. सून काही बोलली नाही, पण तिने एक खोली आधीच रिकामी करून ठेवलेली मी आल्या-आल्या पाहिली होती. तिच्या त्या न बोलण्यात कुरकुर नव्हती, आणि याचे मला फार बरे वाटले. आक्कांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "उद्या दुपारी वाचायला काय आणलंयस?" हा प्रश्न मला होता.

मी दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' नेले होते. १९५६ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मी शिक्षिका असताना अनेकदा चाळले होते. त्यातला एखादा उतारा वर्गात वाचून दाखवला होता. पण सलग, एकेक महिना, त्या-त्या महिन्यात वाचावे हे निवृत्तीनंतर सुचले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांवर बारा लेख. प्रत्येकात झाडे, पाखरे, आकाश, आणि त्यांच्याबरोबर लोककथा नि संस्कृत काव्यातले संदर्भ. दुर्गाबाईंना मध्य प्रदेशातील आदिवासींमध्ये अभ्यास करताना विषबाधा झाली आणि त्यापुढची कित्येक वर्षे आजारपणात गेली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एकच झाड रोज पाहावे लागते, म्हणून कदाचित त्याचे रोजचे पालटणे दिसू लागते. हा माझा तर्क आहे. पुस्तकात कोणत्याही फुलाकडे घाईने पाहिलेले नाही, एवढे मात्र कोणीही वाचक मान्य करील.

दुपारी दोन ते साडेतीन आम्ही वाचत असू. नात सुरुवातीला आपले रंगकाम घेऊन लांब बसे. तिसऱ्या दिवसापासून जवळ सरकली. त्याचे कारण दुर्गाबाई नव्हत्या, आक्का होत्या. त्या मध्येच मला थांबवत आणि लेखिकेशी वाद घालत. पांगाऱ्याच्या लाल फुलांचे वर्णन आले तेव्हा म्हणाल्या, "पांगारा फुलतो तेव्हा अंगावर पान नसतं. मग वेलीला सावली कोण देणार?" त्यांच्या माहेरी पानमळा होता. मिरज-शिरोळ भागात पूर्वी आपल्या समाजातील बऱ्याच घरांत तो असे. खायच्या पानांची वेल उन्हात करपते, म्हणून शेवरी, शेवगा, हादगा आणि पांगारा यांच्या आधाराने ती चढवायची, या झाडांची विरळ सावली तिच्यावर धरायची, आणि उन्हाच्या मानाने त्यांच्या फांद्या छाटत राहायच्या. वर्षातून एकदा वेल खाली उतरवून तिचा खालचा भाग मातीत गाडायचा, की ती पुन्हा नव्या जोमाने वर निघते. या रीतीने वाढवलेल्या पांगाऱ्याला फुलायला सवडच मिळत नाही. फूल दिसायचे ते बांधावर सुटून राहिलेल्या एखाद्या झाडाला. आक्कांच्या लेखी पांगारा हे कामाचे झाड. त्याचे सौंदर्य हा त्याने केलेला कामचुकारपणा. नातीला हे इतके आवडले की तिने पांगाऱ्याला 'रजेवर गेलेले झाड' असे नाव दिले.

पळसाचेही तसेच. पुस्तकात तो ज्वाळेसारखा. आक्कांना आठवले पत्रावळी लावण्याचे दिवस, चोयांचे टाके घालताना बोटाला लागलेली कूस, आणि लग्नाआधी महिनाभर घराघरांतून रचलेल्या पानांच्या चवडी. सावरीचा कापूस उशीत भरला तर डोके गरम होते, अशी त्यांची ठाम समजूत आहे. मी ती खोडून काढण्याच्या भानगडीत पडले नाही. या सगळ्यात एक गोष्ट मला नव्याने कळली. आपण साहित्यात ज्याला निसर्ग म्हणतो तो बहुधा काम न करणाऱ्याने पाहिलेला असतो. दुर्गाबाई याला मोठा अपवाद आहेत, कारण त्या आदिवासी बायकांचे, शेतकऱ्यांचे झाडाशी असलेले नाते विसरत नाहीत. तरीसुद्धा आक्का आणि त्या समोरासमोर बसल्या असत्या तर दोन दिवस वाद संपला नसता, आणि दोघींनाही तो हवाहवासा वाटला असता.

आमच्या नातीला आणखी एक गंमत वाटे. आक्का 'मी जाते' म्हणत नाहीत. आमच्याकडच्या जुन्या बायकांप्रमाणे 'मी जातो, मी येतो' म्हणतात. "पणजी मुलगा आहे का?" असे तिने पहिल्या दिवशी आईला हळूच विचारले. पाचव्या दिवशी ती स्वतःच "मी खाली खेळायला जातो" म्हणून निघाली आणि तिचे वडील दचकले.

सज्जात बारा-तेरा कुंड्या आहेत. गोकर्ण, सदाफुली, दोन मोगरे, लाल जास्वंद, आणि कोपऱ्यात अर्ध्या कापलेल्या पिंपात एक कलमी सोनचाफा. हा सोनचाफा मुलाने २०१९ नंतरच्या हिवाळ्यात, दुसऱ्या घरात राहत असताना आणला होता आणि घर बदलताना बरोबर आणला. हे त्याने आम्हाला कधी सांगितले नव्हते. कलमाला फुलण्यासाठी बियांच्या झाडासारखी सात-आठ वर्षे वाट पाहावी लागत नाही. त्याच्यावर चार कळ्या होत्या. आक्कांनी पानावरून हात फिरवला, कळी चाचपली आणि म्हणाल्या, "परवा उमलंल." परवा पहाटे पाच वाजता त्यांनी मला उठवले. मला वास आला नव्हता. त्यांना आतल्या खोलीत आला होता. सातव्या मजल्यावरच्या वाऱ्यात तो वास सज्जात थांबत नाही, खोलीत मात्र कोंडून राहतो, असे त्यांनीच नंतर शोधून काढले आणि सज्जाचे दार कोणत्या वेळी किती उघडायचे याचे नियम घालून दिले.

जास्वंदीवर पांढरा मावा पडला होता. कापसाच्या बारीक पुंजक्यासारखे हे कीटक कळ्यांच्या देठाशी चिकटतात, रस शोषतात, आणि त्यांच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. सुनेने कडुनिंबाच्या तेलाची फवारणीची बाटली काढली तेव्हा आक्कांनी तिला थांबवले. घरात प्रथमच थोडा ताण निर्माण झाला. सून म्हणाली, "मग झाड मरू द्यायचं का, आक्का?" प्रश्न योग्य होता. आपल्या घरांतून बाग करणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी पडतो, आणि त्याचे निर्मळ उत्तर मला तरी सापडलेले नाही. झाडही जीव, मावाही जीव, त्यांना राखणाऱ्या मुंग्याही. पाण्याची धार मारून मावा धुऊन काढावा म्हटले तरी त्यात जीव जातातच. तेलाने गेले नाहीत एवढेच आपले समाधान. शेवटी सर्वांत जास्त माखलेल्या दोन फांद्या छाटून खाली कुंपणाच्या रानटी झुडपांत नेऊन ठेवल्या, उरलेले झाड ओल्या मऊ फडक्याने पुसले, आणि कुंडी अधिक उन्हात व वाऱ्यात सरकवली. आठ दिवसांनी मावा कमी होता, संपलेला नव्हता. सुनेने बाटली कपाटात परत ठेवली. फेकून दिली नाही. मला तिचा हा सरळपणा आवडतो.

यावरून नातीने एका दुपारी विचारले, फूल तोडले की झाडाला दुखते का? माझ्या मुलाने तिला जगदीशचंद्र बसूंची गोष्ट सांगितली. १९०१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी वनस्पती उत्तेजनाला कसा प्रतिसाद देतात ते उपकरणांनी दाखवले. पुढे क्रेस्कोग्राफ नावाचे यंत्र बनवले, ज्याने रोपाची डोळ्यांना न दिसणारी वाढ दहा हजार पटींनी मोठी करून पाहता येई. १९१७ मध्ये कोलकात्याला आपली संशोधनसंस्था स्थापन केली. प्रतिसाद देणे म्हणजे आपल्याला होते तशी वेदना होणे नव्हे, कारण झाडाला मज्जासंस्था नाही, हेही त्याने सांगितले. आपल्या पाठशाळेत मुले 'एकेंद्रिय जीव' शिकतात: वनस्पतीला स्पर्श हे एकच इंद्रिय. नात म्हणाली, "म्हणजे झाडाला पणजीपेक्षाही कमी दिसतं." क्षणभर कोणालाच काय बोलावे कळेना. आक्का मात्र मनापासून हसल्या. "पण हात लावलेला कळतो," त्या म्हणाल्या.

फुले तोडण्याबाबत त्यांचा स्वतःचा एक जुना हिशेब आहे. आमच्या दक्षिणेकडच्या मंदिरांत पूजेला फुले वाहतात. उत्तरेकडून आलेल्या अनेक कुटुंबांत त्यांच्याऐवजी केशरात रंगवलेले तांदूळ वाहण्याची रीत आहे. तळोज्याच्या त्याच इमारतीत राजस्थानातून आलेले एक कुटुंब राहते, त्यांच्याकडे असेच. आक्का गावी मंदिरासाठी रोज बाराच फुले मोजून तोडत, अंगठ्याच्या नखाने, देठ न पिळता. घरासाठी मात्र पारिजातकाची जमिनीवरची वेचत. आपल्याकडे षट्लेश्यांचे चित्र पुष्कळ मंदिरांत असते: जांभळाचे झाड, सहा वाटसरू, एकाला झाड मुळापासून तोडायचे आहे, दुसऱ्याला मोठी फांदी, आणि शेवटच्याला खाली पडलेली फळे पुरेशी आहेत. ते आमच्या गावच्या मंदिराच्या भिंतीवरही होते आणि पुराच्या पाण्याने खालचा अर्धा भाग धुऊन नेला. नेमका शेवटचा, जमिनीवरची जांभळे वेचणारा माणूस गेला. मंडळी चित्र पुन्हा रंगवून घेण्याच्या विचारात आहेत. आक्कांना सहाही माणसे तोंडपाठ आहेत. त्यांच्या कपड्यांचे रंगदेखील. चित्रकाराला त्यांच्याशिवाय कोण सांगणार, हा एक मुद्दा त्या रात्री माझ्या मनात आला आणि मी तो मुलापुढे मांडला नाही. असल्या मुद्द्यांनी निर्णय होत नसतात. तरी तो मनातून गेला नाही.

रविवारी आम्ही सारे मेट्रोने बाहेर पडलो. बेलापूर ते पेंधर हा अकरा स्थानकांचा मार्ग १७ नोव्हेंबर २०२३ पासून सुरू झाला आहे, आणि त्यामुळे तळोज्याचे एकटेपण पुष्कळ कमी झाले. आक्का लिफ्टने वर गेल्या, डब्यात खिडकीशी बसल्या, आणि नातीने त्यांना सारा प्रवास ऐकवला. "आता डोंगर आला. त्याच्यावर फिकट गुलाबी झाडं आहेत, पानं नाहीत." ते गिरिपुष्प. मध्य अमेरिकेतून आलेले हे झाड वनीकरणासाठी आपल्याकडे सर्वत्र लावले गेले; त्याचा बहर ओसरत आला होता. खारघरच्या सेंट्रल पार्कात आम्ही तासभर बसलो. तिथली आखीव रोपरचना मला फारशी भावली नाही, बोगनवेलीचे रंग तेवढे भडक नि प्रसन्न होते. मन रमले ते परत आल्यावर, इमारतीसमोरच्या रस्त्यावर. करंजाला नवी चकचकीत पालवी आली होती आणि खाली पांढुरक्या-जांभळट फुलांचा सडा पडला होता, लाह्या सांडाव्यात तसा. नात ओंजळ भरून आणी आणि आक्कांच्या ओच्यात टाकी. पुढच्या कोपऱ्यावर एक कडुनिंब मोहरला होता. ताम्हणावर कळ्यांचे घोस होते. महाराष्ट्राचे हे राज्यपुष्प उमलायला अजून अवकाश होता. बहाव्याची एकच फांदी पिवळी झाली होती. आक्कांनी ती दिसते का म्हणून मान बरीच हलवून पाहिली. मग म्हणाल्या, "दिसली. केवढीशी आहे."

आता जे कठीण होते तेही लिहिले पाहिजे. आक्का सूर्यास्तापूर्वी जेवतात. चैत्रात तिकडे पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो. मुलगा आणि सून कामावरून यायला आठ-साडेआठ होतात. गावी आमच्या घरी सहा वाजता सर्वांची पाने एकदम मांडली जातात. इथे मी वाढणारी आणि त्या जेवणाऱ्या. मी नसते तर? पोळ्या करणारी बाई चार वाजता येऊन जाते. दिवसा घरात कोणी नाही. शेजारचे दार बंद. एका रात्री वाऱ्याबरोबर उग्र रासायनिक वास आला. तो कोठून आला हे कोणाला नेमके सांगता येईना. कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे हे मी वर्तमानपत्रांत वाचले होते, पण वाचणे आणि त्या वासाने जागे होणे यांत अंतर आहे. आक्कांनी पदर नाकाला लावून विचारले, "चाफ्याला हा वास लागतो का गं?" मुलगा खाली मान घालून खिडक्या लावत राहिला. त्याला वाईट वाटले असावे. त्याच्या हाती नसलेल्या गोष्टीसाठी तो जबाबदार धरला जात होता, आणि धरणारे कोणी नव्हते.

गावी पूर आहे, इथे एकान्त आहे. यजमानांना मी फोनवर हेच सांगितले. ते म्हणाले, "आईलाच विचारा." हे त्यांचे नेहमीचे उत्तर.

महावीर जयंतीच्या दिवशी सकाळी पनवेलला मंदिरात जाऊन आलो. मिरवणुकीची गर्दी, उन्हाचा ताव, आणि आक्कांचा हात घट्ट धरून चालणारी नात. दुपारी पुरणपोळीचे जेवण झाले, सुट्टी असल्यामुळे सगळे घरात होते, आणि मी चैत्राचा लेख संपवला. पुस्तक मिटल्यावर आक्का म्हणाल्या, "आता माझं ऐका." त्यांनी हा विषय अकरा दिवस तोंडातून काढला नव्हता, म्हणून आम्ही सावरून बसलो.

"महाराज लोक वर्षभर चालतात," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात थांबतात. आषाढात थांबले की दिवाळीला निघतात. मी बी तसंच करतो. आषाढी चतुर्दशीला येतो, दिवाळी झाली की जातो. पाणी येणार ते तेवढ्यातच येतं."

मुलाने लगेच हिशेब केला. पूर येतो तो बहुधा जुलै-ऑगस्टात. चार महिन्यांत धोक्याचा सारा काळ निघून जातो. त्याला हवे होते ते सगळे मिळत नव्हते, पण मुख्य ते मिळत होते. त्याने दोनदा विचारले, "आणि दिवाळीनंतर प्रकृती..." आणि वाक्य पुरे केले नाही. आक्कांनीही ते पुरे करायला मदत केली नाही. सुनेने विचारले, संध्याकाळी जेवायला एकट्या बसाल का? तेव्हा नात म्हणाली की ती सहा वाजता पणजीबरोबर जेवील, आणि रात्री आई-बाबांबरोबर नुसते दूध पिईल. नऊ वर्षांच्या मुलीच्या शब्दावर चार महिने उभे करायचे की नाही याची मला शंका आहे. सून मात्र म्हणाली की आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची सोय ती मागून पाहील, आणि हे ती सहज बोलली. त्या चार महिन्यांतले दोन मी येऊन राहावे आणि दोन नणंदेने, असेही ठरले. नणंदेला अजून विचारायचे आहे.

आक्कांच्या अटी दोन होत्या. गावच्या घराचे काही करायचे नाही, आणि परसदाराची किल्ली त्यांच्यापाशीच राहील. एक मागणीही होती. तळोज्याच्या चाफ्यावरून कलम बांधता येत असेल तर पावसाळ्यात बांधून ठेवावे. दिवाळीला जाताना त्या बरोबर नेणार. आमच्या परसात उत्तरेच्या बाजूला जुन्या गोठ्याचा चौथरा आहे, जमिनीपासून कमरेइतका उंच. तिथे दगडी कट्टा घालून माती भरली तर २०२१ एवढे पाणी आले तरी मुळांपर्यंत पोहोचणार नाही. २०१९ एवढे आले तर पोहोचेल. हे त्यांनी स्वतःच सांगितले.

निघताना नातीने दिनदर्शिकेवर आषाढी चतुर्दशीला लाल गोल केला आणि मोजून सांगितले की बरोबर तीन महिने आहेत. 'ऋतुचक्र' तिथे ठेवून जावे असे ती म्हणत होती. मी ते पिशवीत घातले, कारण वैशाख आणि ज्येष्ठ आम्हाला गावी वाचायचे आहेत. आषाढापासूनचे महिने वाचताना मात्र आम्ही तळोज्याला असू, आणि ते मोठ्याने कोणी वाचायचे यावरून आताच वाद सुरू झाला आहे. नातीचे म्हणणे असे की तिला जोडाक्षरे नीट वाचता येतात.